मोगलीला पेन्शन होती!

मोगली फॉरेस्ट गार्ड होता, तोही पेन्शनवाला! तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. दूरदर्शनवर नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान ऐकत वाढलेली आमची पिढी. मोगली म्हणजे चड्डीतलं पोरगं, एवढंच डोक्यात बसलेलं. आणि परवा किपलिंगची ‘इन द रुख’ हाती लागली. रात्रीचं जेवण राहिलं बाजूला!

ही कथा 1893 ची, ‘जंगल बुक’ 1894 चं. म्हणजे मोगली जन्मला तोच बाप्या होऊन, बालपण त्याला मागाहून मिळालं! गिसबोर्न या जंगल-अधिकाऱ्यासमोर तो कुठूनसा उगवतो, सांगाल ती नीलगाय हाकत आणतो. मग थोरला साहेब, मुलर, त्याचे कोपर-गुडघे तपासतो. घोट्याच्या वर दोन-तीन पांढरे व्रण. कसले? लहानपणी लांडग्याच्या पिल्लांनी लाडानं घेतलेले चावे! अख्खं बालपण त्या दोन-तीन व्रणांत. काय लिहिलंय हो! पुढे नोकरी, लग्न, मूल. आणि ते मूलही लांडग्याशी खेळतंय.

हा लेखक 1865 साली आपल्या मुंबईत जन्मला. त्यानंतर दोनच वर्षांनी उत्तर प्रदेशात लांडग्यांबरोबर सापडल्याचं सांगतात तो दीना शनिचर आग्र्याजवळच्या सिकंद्र्याच्या अनाथालयात आला. तो कपडे घालायला शिकला, तंबाखू ओढायला शिकला, पण बोलायला कधीच नाही. 1895 मध्ये गेला, ‘जंगल बुक’ येऊन वर्ष होत होतं तेव्हा. मोगलीला सगळ्या प्राण्यांची भाषा येते; शनिचरला माणसांचीही आली नाही. हे कळल्यावर ती पेन्शन मला गमतीची वाटेना. सापडलेल्या मुलाला समाजात जागा, पगार, घर मिळालं तर काय होईल, ते किपलिंगनं लिहून ठेवलंय.

आम्ही मुलुंडकर. डोंगरापलीकडे बोरिवलीपर्यंत राष्ट्रीय उद्यान, आत बिबटे आणि वारल्यांचे पाडे. तिथली पोरं जंगलातच वाढतात, पण आईबापांच्या हाताखाली. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वाघोबाची पूजा होते, ती बघत. जंगलात मूल वाढवायचं तर ते असं. लांडग्यावर सोपवून नव्हे.

‘इन द रुख’ची कॉपीराइटची मुदत संपली आहे, इंटरनेटवर फुकट मिळते. या रविवारी वाचाच, आणि घरातल्या पोरांना मराठीत सांगा.