दोघांचे बिऱ्हाड

भिंती नसलेल्या घरांसाठी मराठीत शब्दांची मुळीच टंचाई नाही. तंबू आहे, राहुटी आहे, डेरा आहे, शामियाना आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली शिवराय अफझलखानाला भेटले ते शामियान्यात. मराठ्यांच्या फौजा मुलूखगिरीला निघाल्या, की महिनोन्महिने राहुट्यांत राहत. आणि गावाबाहेरच्या माळावर भटक्या जमाती उतरतात, त्यांची ती पाले. यांपैकी कुणीही हौसेखातर कापडाखाली झोपलेले नाही. हौसेने तंबू विकत घेणे हा चार भिंतींचे हप्ते फेडणाऱ्या पगारदारांचा उद्योग! दसऱ्याला लोक सोने घेतात, मोटार घेतात. यंदा आम्ही नवराबायकोंनी तंबू घेतला.

दुकानातला तरुण मोठा चटपटीत होता. त्याने विचारले, "काका, दोघांचा दाखवू की तिघांचा?" प्रश्न साधाच, पण आम्ही दोघेही क्षणभर गप्प राहिलो. गेल्या अठरा वर्षांत कोणतीही वस्तू आम्ही दोघांपुरती घेतली नव्हती. जूनमध्ये मुलगा शिकायला परगावी गेला, तेव्हापासून कुकरमध्ये भातसुद्धा रोज उरतो आहे.

"दोघांचाच द्या," ही म्हणाली आणि उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

घरी आल्यावर सोफा भिंतीकडे सरकवून आम्ही तंबू दिवाणखान्यातच उभारला. वजन अवघे अडीच किलो. दांड्या ॲल्युमिनियमच्या, पोकळ. आतून लवचीक दोरी ओवलेली, त्यामुळे झटकल्या की एकीत एक आपोआप बसतात. आत जाळीचा कप्पा, वर पावसाचे आवरण, आणि दोहोंमध्ये चार बोटांची फट. थंडीच्या रात्री आपल्याच श्वासातली वाफ गार कापडावर जमून तिचे थेंब होतात. ते अंगावर न ठिबकता बाहेरच्या आवरणावरून निथळून जावेत, म्हणून ही फट. आम्ही आत बसून चहा घेतला आणि मांड्यांवर नकाशा पसरला.

बेत आखायचे काम अर्थात माझ्याकडे आले. वर्गात शिकवतो त्याच रीतीने मी सोप्याकडून अवघडाकडे निघालो. आरंभी भंडारदरा. १९२६ साली पुरे झालेल्या विल्सन धरणाचे विस्तीर्ण पाणी, आणि पावसाळ्याच्या तोंडावर काठची झाडे काजव्यांनी लखलखलेली. पुढच्या वर्षी रतनगड. पायथ्याला रतनवाडीचे कोरीव अमृतेश्वर मंदिर, माथ्यावर खडकात आरपार पडलेले नेढे. त्यानंतर १४२४ मीटर उंचीचा हरिश्चंद्रगड. तिथल्या केदारेश्वराच्या लेण्यात पिंडीभोवती बर्फासारखे गार पाणी आणि चार खांबांपैकी एकच शाबूत! कोकणकड्यावर नशीब असेल तर समोरच्या धुक्यात वाटोळे इंद्रधनुष्य दिसते. मराठीत त्याला इंद्रवज्र म्हणतात. आणि सर्वांत शेवटी कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर. तिच्यापुढे मी लिहिले, 'निवृत्तीच्या वर्षी.'

हिने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि यादी खालून वर अशी नव्याने मांडली. कळसूबाई पहिली. भंडारदरा शेवटी.

"अहो, काजवे बघायला गुडघे लागत नाहीत," ती म्हणाली. "शिड्या चढायला लागतात. माझा डावा आताच जिना उतरताना कुरकुरतो. आणि मामंजींची वही आठवते ना?"

आठवत होती. वडिलांनी नर्मदा परिक्रमेसाठी एक वही घातली होती. मुक्कामांची गावे, घाट, धर्मशाळा, सारे सुवाच्य अक्षरात. 'निवृत्तीनंतर' असा तिचा मथळा होता. निवृत्तीनंतर त्यांना आमच्या घराचे दोन मजलेही कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून चढावे लागत. ती वही अजून कपाटात आहे. परिक्रमेची पाने कोरीच्या कोरी, न दुमडलेली.

मी यादीवरचे निवृत्तीचे वर्ष खोडले.

मग बाकीच्या गोष्टी भराभर ठरल्या. हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. तिथे वाटेल त्या ठिकाणी खुंटी ठोकायची नाही, चूल पेटवायची नाही. म्हणून मुक्काम पायथ्याच्या बारी गावात, कुणी परवानगी दिली तर त्यांच्या अंगणात. पिठले-भाकरी त्यांच्याच घरची, रीतसर पैसे देऊन. पहाटे बॅटरीच्या उजेडात चढायला लागायचे. अवघड कातळावर लोखंडी शिड्या आहेत. तिथे ही पुढे, मी मागे. वर देवीचे छोटेसे देऊळ. तिथून अलंग, मदन आणि कुलंग हे तिन्ही दुर्ग दिसतात आणि खाली भंडारदऱ्याचे पाणी. ते पाणी आमच्यासाठी साठीनंतरही तिथेच असेल.

कॅलेंडरवर मार्गशीर्षातल्या एका शनिवारभोवती तांबडे वर्तुळ काढले आहे. शेजारच्या वहिनींनी विचारले, "काय हो, कुणाचे लग्न?" हिने हसून मान हलवली. तंबू दारामागच्या खुंटीला, छत्रीशेजारी टांगला आहे. सकाळी भाजी आणायला निघालो, की छत्रीऐवजी हात हटकून त्याच्याकडेच जातो.