अभिप्राय कोणाचा?

विद्यापीठाने आपल्या सेवांविषयी विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचारी यांचे मत विचारावे, ही प्रथा आपल्याकडे फार जुनी नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने, म्हणजे ‘नॅक’ने, २०१७ साली आपली पद्धती सुधारली आणि तीत विद्यार्थ्यांच्या समाधानाच्या पाहणीला स्थान दिले. त्यानंतर अभिप्रायपत्रिकांना बहर आला. अध्यापनापाठोपाठ ग्रंथालय, वसतिगृह आणि संगणकसेवा यांविषयीही प्रश्न येऊ लागले. न विचारण्यापेक्षा विचारणे बरे, याविषयी आमचा वाद नाही. आमचा प्रश्न एवढाच, की विचारले कोणाला जाते?

आम्ही ज्या विद्यापीठात मराठी शिकवीत होतो, तेथेही संगणकसेवेविषयी अशी एक पत्रिका निघाली. ती इंग्रजीत होती, ई-मेलने आली होती आणि संगणकावरच भरावयाची होती. यथावकाश निष्कर्ष जाहीर झाला: बहुसंख्य लोक समाधानी आहेत. आकडे खोटे नव्हते. ज्यांच्या खोलीपर्यंत वायफाय पोहोचते आणि ज्यांना इंग्रजीची भीती नाही, ते समाधानी होतेच. वसतिगृहातील ज्या मुलींना जिन्यात जाऊन बसल्याशिवाय जोडणी मिळत नसे, त्यांच्यापैकी कित्येकींनी ती पत्रिका उघडलीही नव्हती. कागदी वेतनचिठ्ठी बंद झाल्यापासून दरमहा एखाद्या लिपिकाची मनधरणी करून ती छापून घेणाऱ्या ग्रंथालयाच्या शिपायांपाशी तर विद्यापीठाचा ई-मेलच नव्हता.

आमच्या संशोधक विद्यार्थ्यांची अडचण प्रश्नावलीत बसणारी नव्हती. युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला जागा आहे. तरी आमच्याकडे जुन्या फॉन्टांत टंकलेले प्रबंध साचले होते. ते संकेतस्थळावर चढविले, की मराठी सारांशाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. ‘वेगाविषयी आपण समाधानी आहात काय?’ या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर द्यावे? खिचडी तत्काळ उमटत होती, यात शंका नाही! महाराष्ट्राबाहेरचे मराठी विभाग आधीच लहान. ज्या प्रबंधाचे नाव शोधून सापडत नाही, तो लिहिलाच गेला नाही, असे पुढील पिढी समजते.

अशा निष्कर्षांचा दाखला अमेरिकेत फार पूर्वी मिळाला आहे. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि लॅन्डन जिंकणार, असे भाकीत झाले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते मुख्यतः दूरध्वनीच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते. मंदीच्या काळात ज्यांच्या घरी यांपैकी काहीच नव्हते, त्यांचा आवाज त्या ढिगात पुरेसा नव्हता. शिवाय पत्रिका मिळालेल्यांतील तीनचतुर्थांशांहून अधिक लोक गप्प राहिले होते. मोठ्या संख्येने मौनाची भरपाई होत नाही.

उलट दिशेचे उदाहरण बडोद्याचे आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची उभारणी त्यांच्याकडे सोपविली. त्या योजनेत पुस्तके लाकडी पेट्यांतून खेडोपाडी जात. वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल, तर ग्रंथालयाने त्याच्याकडे जावे, हे तत्त्व त्यामागे होते. संगणकसेवेचा अभिप्राय घेणाऱ्यांनी यातून एवढे जरी उचलले, तरी पुष्कळ.

त्यासाठी मोठा खर्च नको. पत्रिका तेथील लोकांच्या भाषांत आणि कागदावरही असावी. संगणककेंद्रातील एखाद्याने वही घेऊन संध्याकाळी वसतिगृहात, दुपारी उपाहारगृहात आणि पाळी बदलताना पहारेकऱ्यांपाशी बसावे. ‘समाधानी आहात काय?’ याऐवजी ‘गेल्या महिन्यात कोणते काम अडले?’ असे विचारावे. किती लोकांनी उत्तर दिले याबरोबरच कोणी दिले नाही, हेही जाहीर व्हावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सांगितलेल्या अडचणींपैकी काय दुरुस्त झाले, काय होणार नाही व का, हे फलकावर लागावे. ज्याला एकदा उत्तर मिळाले, तो दुसऱ्यांदा बोलतो. ज्याला मिळाले नाही, त्याचे मौन पुढच्या पाहणीत समाधान म्हणून मोजले जाते.