ओल्या रंगातले ओरखडे

नेदरलँड्समधल्या हेग शहरी, मॉरिट्सहाउस संग्रहालयात तरुण रेम्ब्रांटचं एक चित्र आहे. गळ्याशी लोखंडी चिलखती पट्टा, निम्मा चेहरा सावलीत, साल साधारण १६२९. पिढ्यान् पिढ्या ते अस्सल आत्मचित्र मानलं गेलं आणि जर्मनीत न्यूरेंबर्गला असलेलं तसंच दुसरं चित्र नक्कल ठरलं. मग १९९०च्या दशकात इन्फ्रारेड किरणांनी हेगचं चित्र तपासलं गेलं, तेव्हा रंगाखाली काळजीपूर्वक काढलेलं रेखाटन दिसलं. रेम्ब्रांट असं रेखाटन करत नसे, तो थेट रंगातच चेहरा शोधत जाई. आज न्यूरेंबर्गचं चित्र अस्सल मानतात आणि हेगचं त्याच्या चित्रशाळेतली नक्कल.

आत्मचित्राची नक्कल करून तैलरंग शिकू पाहणाऱ्याने ही गोष्ट आधी ऐकावी. त्या नक्कलकाराचा हात कच्चा नव्हता, उलट केस, कातडी, पट्ट्यावरची चमक त्याने नेटकी उतरवली. पण चित्र शेवटी कसं दिसणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि रेषांनी तेच उघड केलं. माझ्या मते नक्कल करताना चेहऱ्याइतकाच त्या चेहऱ्यापर्यंतच्या पायऱ्यांचा माग काढायला हवा. आधी काय लागलं, मग काय, चित्रकार कुठे थांबला, कुठे पुसलं.

सुरुवातीला ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं १६२८च्या सुमाराचं आत्मचित्र घ्यावं. जेमतेम २२.६ बाय १८.७ सेंटिमीटरची लाकडी फळी आणि बाविशीतला चित्रकार. उजेड मानेवर, कानाच्या पाळीवर, गालाच्या कडेवर आणि नाकाच्या शेंड्यावर पडतो, डोळे मात्र अंधारात बुडालेले. नवशिक्याचा हात नेमका डोळ्यांकडे धावतो. पापण्या, बुबुळं, त्यातला पांढरा ठिपका असं सगळं तो रेखून बसतो, आणि सावली मरते.

म्हणून पांढरा कॅनव्हास आधी तपकिरी करून घ्यावा. बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून अंधाराच्या जागा भराव्यात आणि उजेडाच्या जागा चिंधीने पुसून उघड्या कराव्यात. एवढ्यावर चेहरा ओळखू आला नाही तर पुढे जाऊ नये. नंतरच यलो ऑकर, थोडा लाल, काळा आणि पांढरा. सावल्या पातळच ठेवायच्या, उजेडावर रंग दाट चढवायचा, आणि वरच्या थरात तेलाचं प्रमाण खालच्यापेक्षा जास्त असू द्यायचं. नाहीतर खालचा थर सावकाश वाळत राहतो आणि वरचा तडकतो. रेम्ब्रांटचा पांढरा शिशाचा होता, विषारी, पण मिश्रणात मऊ पडणारा. आजचा टायटॅनियम पांढरा फार जोरकस असतो, तो बेताने घेतला नाही तर गाल खडूसारखे दिसतात.

आणि मग केस. रेम्ब्रांटने रंग ओला असतानाच ब्रशच्या मागच्या टोकाने त्यात ओरखडे काढले, त्या ओरखड्यांतून खालचा फिका थर डोकावला आणि विस्कटलेल्या कुरळ्या बटा उभ्या राहिल्या. हे उद्यावर ढकलता येत नाही. एकेक ओरखडा मोजून काढायला गेलं की केसांची जाळी होते. पाचसहा वेळा पूर्ण भाग खरवडून, पुन्हा रंग लावून, एका दमात हात फिरवावा लागतो. सगळ्या सरावात सर्वांत जास्त शिकवणारी घटका हीच.

हात बसला की लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या १६६९च्या चित्राकडे वळावं. त्रेसष्ट वर्षांचा रेम्ब्रांट त्यात हात एकमेकांत गुंफलेला दिसतो. ४ ऑक्टोबरला, त्याच वर्षी, तो गेला. क्ष-किरणांत दिसतं की आधी हात उघडे होते आणि त्यात ब्रश होता. नंतर त्याने तो झाकून टाकला. इथे नक्कल करणाऱ्यानेही आधी ब्रश रंगवावा, तो वाळू द्यावा, आणि मग त्यावर गुंफलेले हात चढवावेत.