जव्हारच्या बाजारातला बोंबील

पालघरहून मनोर, विक्रमगड करीत एस. टी. जव्हारच्या डोंगरावर चढते, तोवर समुद्र खूप मागे राहिलेला असतो. पर्यटक राजवाडा पाहून परततात. आम्ही थेट बाजारात शिरलो. गोणपाटांवर सुके बोंबील, जवळा, मांदेली यांचे ढीग. पाड्यांवरून आलेल्या बाया मूठभर जवळा उचलतात, भाव विचारतात आणि पुष्कळदा परत ठेवतात. "मावशी, एवढा महाग?" असे आम्हीही विचारले. "दर्यात गावतंच नाय, तर स्वस्त कुठून देऊ?" मावशी म्हणाली.

तिचे म्हणणे खोटे नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीनुसार २०१९ साली महाराष्ट्राची सागरी मासळी सुमारे २ लाख टनांवर उतरली. ४५ वर्षांतला हा नीचांक. त्या वर्षी वादळांनी होड्या किनाऱ्याला बांधून ठेवल्या हे खरे, पण दुखणे जुने आहे. ट्रॉलरची जाळी समुद्राचा तळ खरवडतात, पर्ससीन जाळे अख्खा थवा घेरते आणि बारीक आसाच्या जाळ्यात पापलेटची पिल्लेही सापडतात. अंडी घालण्याआधीच पिल्लू गेले, तर पुढचा मासा यायचा कुठून? पापलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या सातपाटीचे मच्छीमार हेच सांगत आले आहेत. २०२३ साली सरकारने पापलेटला राज्यमासा केले, ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारही ठरवला. कागद चांगला आहे; बंदरावर मोजपट्टी कोण लावतो, ते बघायचे!

शिवाय जाळ्यात आलेली बारीक मासळी कारखान्यांत जाते. तिची पूड होते, ती कोंबड्यांना आणि तळ्यातल्या कोळंबीला घालतात. म्हणजे गरिबाच्या कालवणातले श्रीमंताच्या ताटाकडे वळते.

ज्या सुकटीच्या वासाला शेजारीपाजारी नाक मुरडत, तिच्यावर आपल्या चाळींतली किती लेकरे वाढली, हे वाचकांना सांगायला नको. जव्हारला तर या स्वस्त प्रथिनांची गरज अधिकच. याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणाने बालके दगावली होती.

आणखी एक धागा आहे. पालघरच्या डोंगरपट्टीतली कित्येक पोरे बोटींवर खलाशी म्हणून जातात. मासळी घटली की डिझेलही सुटत नाही, मालक फेऱ्या कमी करतो. मग पोराला उरते ती वीटभट्टी.