घासलेला रुपया

आमच्या आत्याचे घर पाचगणीला, बाजाराच्या मागच्या अंगाला. लहानपणी दिवाळीच्या सुटीत मी तिच्याकडे जाई आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी एक काम हटकून माझ्या वाट्याला येई. देवघरातल्या पितळी डब्यातली नाणी चिंचेने नि राखेने घासून लख्ख करायची. त्यांत तांब्याच्या चार शिवराया आणि चांदीचा एक रुपया. "जपून रे, सासूबाईंचा आहे," आत्या बजावी. मी इतका जपून घाशी की, त्यात तोंड दिसल्याखेरीज सोडत नसे!

यंदा पावसात आत्याच्या घराचे पत्रे उडाले. डबा माझ्यापुढे सरकवीत ती म्हणाली, "याचे काय येतील रे? तू एवढा शिकलेला." मराठीच्या प्राध्यापकाला नाण्यांतले काय कळणार? पण 'ठाऊक नाही' म्हणणे आम्हां मास्तरांच्या स्वभावात नाही. "एवढी जुनी नाणी! पत्रे कसले, स्लॅब पडेल," असे ठोकून देऊन मी डबा घेऊन साताऱ्याला एका जाणत्या संग्राहकाकडे गेलो.

त्यांनी आधी शिवराया पाहिल्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ही नाणी महाराजांच्या मागेही कितीतरी वर्षे पाडली जात होती, त्यामुळे ढिगांनी सापडतात. महाराजांचा सोन्याचा होन मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला, म्हणून त्याला राजाचे मोल. "नाण्याचे वय कोणी विचारीत नाही," ते म्हणाले, "उरली किती, हवी कितीजणांना आणि आहेत कोणत्या स्थितीत, एवढेच पाहतात."

मग रुपया भिंगाखाली गेला आणि ते ताठ बसले. साल १९११! पंचम जॉर्जच्या झग्यावर साखळीत एक हत्ती कोरला होता. पण त्याची सोंड अशी आखूड उतरली की, लोकांना तो डुक्कर वाटला. मोठा गहजब झाला. पाडलेल्या सुमारे ९४ लाख रुपयांपैकी ७ लाखांच्या आसपासच बाहेर पडले होते. उरलेले बहुतेक वितळवले गेले. १९१२ च्या रुपयावर हत्तीला नीट सोंड फुटली. टाकसाळीची चूक, पण तिनेच या रुपयाला भाव आणला. माझ्या डोळ्यांपुढे आत्याचे नवे पत्रे चकाकू लागले.

"पण हत्ती कुठे आहे?" त्यांनी भिंग माझ्या हाती दिले. राजाच्या छातीवर सपाट मैदान होते, आमच्या टेबललँडसारखे. "कोणा शहाण्याने वर्षानुवर्षे घासलाय हा. आता तोळाभर चांदीचा भाव, फार तर वर थोडे."

तो शहाणा मान खाली घालून पाचगणीला परतला. सारे कबूल केल्यावर आत्या क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, पूजेचा रुपया तो. लक्ष्मीपुढे काय काळाकुट्ट ठेवायचा?"

पत्रे मीच घालून दिले. जगात भांडी घासणारे घासणावळ घेतात; ती पदरची भरणारा मी एकटाच असेन.

परवा लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आत्याने डबा आणि चिंचेचा गोळा माझ्यापुढे ठेवला. मी नुसतेच मऊ फडके फिरवू लागलो. "काय रे, हात दुखतो?" तिने विचारले. मी निमूटपणे चिंच उचलली. हत्ती तर गेलाच होता. राजाचे नाक तेवढे राहिले होते.