ओटीपी यायला रेंज लागते

आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यात, जंगलाला लागून. घरात फोन लागत नाही. बोलायचं असलं तर पांदणीच्या चढावर जायचं. तिथेही कधी तेलंगणातला टॉवर पकडतो, मग मेसेज येतात तेलुगूत.

एरवी भागायचं. अडलं ते 2025 च्या सप्टेंबरपासून. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार चालू ठेवायला ई-केवायसी आली. आधी बाईच्या आधारवरचा ओटीपी, मग नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारवरचा. माझं झालं. जावेचं अडकलं. भाऊजी तेलंगणात कापूस वेचायला गेलेले.

तिला घेऊन गोंडपिपरीच्या सेवा केंद्रावर गेले. तिथे रेंज असते, तिचा ओटीपी लगेच आला. भाऊजींचा मात्र येईना. त्यांचा बटणाचा फोन, शेतात रेंज नाही, त्यात रिचार्ज संपत आलेलं. "येऊनच नाही राहिला ना, वहिनी," एवढंच ते रात्री म्हणाले. संध्याकाळी मुक्कामावर आले की मेसेज एकदम पडायचे, पण तोवर ओटीपीची मुदत गेलेली. माझे पैसे चालू आणि जावेचे बंद, तर एका चुलीवर कसं निभायचं, मला तीच धास्ती.

शेवटी वेळ ठरवली. भाऊजींनी रिचार्ज मारलं आणि बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये येऊन थांबले. मुकादमाचा फोन कानाला, स्वतःचा हातात. इकडे आम्ही केंद्रावर. ते "पाठवा" म्हणाले तेव्हाच केंद्रावरच्या पोरानं बटण दाबलं. भाऊजी जोडीनं आकडे सांगू लागले, तर पोरगा म्हणे, "एकेक सांगा, काका." झालं. ई-केवायसीची मुदत नंतर 31 डिसेंबरपर्यंत वाढली, पण तेव्हा ते कुणाला माहीत होतं?

माणूस मजुरीला बाहेर जाण्याआधीच आधारला जोडलेला नंबर तपासा. तो जुना असेल तर पोस्टमनला विचारा. पोस्टाच्या बँकेमार्फत घरी येऊन नंबर जोडायची सोय 2021 पासून आहे. नेट नको असेल तर दुकानात नुसतं बोलणं आणि मेसेजचं रिचार्ज मागा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशानंतर 2025 पासून तसे पॅक निघालेत, दुकानदार आपणहून दाखवत नाही. ई-पीक पाहणीचे फोटो शेतात काढून ठेवा, रेंजमध्ये आल्यावर चढवा. आणि फोनवर ओटीपी घरच्या माणसाशिवाय कुणाला सांगू नका.

गावात टॉवर येईल तेव्हा येईल. आधारचा नंबर तेवढा आजच बघून घ्या.