नातीचं नाव

गेल्या हिवाळ्यात माझ्या लेकीला मुलगी झाली. तिकडे कार्डिफला. जावई वेल्सचे. त्यांना ‘इंग्लंडचे’ म्हटलेलं आवडत नाही, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. आपल्याला कुणी सरसकट हिंदीवाले म्हटलं तर कसं वाटतं?

तिथे जन्माची नोंद 42 दिवसांत करावी लागते, आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं. त्यामुळे फोनवर फोन! इकडून माझी यादी, तिकडून त्यांची. माझ्या यादीत मुक्ता, जुई, रेवा. त्यांची यादी लेकीने मोबाइलवर पाठवली, ती मी वहीत उतरवून घेतली. शाळेची सवय, जात नाही.

अक्षरं इंग्रजीच, पण वाचायचे नियम अगदी निराळे. एकटा एफ म्हणजे ‘व’. ‘फ’ हवा असेल तर दोन एफ. डब्ल्यू बऱ्याचदा चक्क स्वर, ‘ऊ’! ज्याला मी ‘सिआन’ वाचत होते ते निघालं ‘शान’. पण एकदा नियम कळले की ही भाषा बरीचशी लिहिल्यासारखीच वाचतात, आपल्या मराठीसारखी. इंग्रजीसारखी दगाबाजी नाही. अडलं ते फक्त दोन एलपाशी. जीभ ‘ल’च्या जागी ठेवायची आणि कडेने नुसती हवा सोडायची. माझ्या कवळीला ते काही केल्या जमेना. शेवटी म्हटलं, जावईबापू, आधी तुम्ही ‘ळ’ म्हणून दाखवा, मग बघू!

अर्थ विचारत गेले तशी मजा येऊ लागली. कॅरिस हे नाव ‘प्रेम करणे’ या क्रियापदावरून आलेलं. सेरेन म्हणजे तारा, आणि आपला तारा व त्यांची सेरेन मुळात एकाच घराण्यातले शब्द. पण सेरेन तिकडे फार झाल्यात, असं लेकीचं म्हणणं. रिॲनन मला ऐकायला फार आवडलं. ती त्यांच्या मॅबिनोगी कथांमधली राणी. तिचं तान्हं मूल रात्रीतून नाहीसं होतं आणि दाया तिच्यावरच आळ घेतात. पुढे मूल सापडतं, पण तोवर तिने शिक्षा भोगलेली असते. आपल्या कहाण्यांत नाही का, सवती बाळ पळवतात आणि राणीला वरवंटा झाला म्हणून सांगतात... अगदी तसंच! गोष्ट आवडली, पण बाळाला ते नाव नको वाटलं. आपल्याकडेही काही घरांत मुलीचं नाव सीता ठेवायला बिचकतात.

आणि मग यादीत आलं ‘एइरा’. म्हणजे बर्फ.

बदलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथल्या आजीची नात बर्फ! घरात सगळे हसले. पण आपण तरी हिमानी नाव ठेवतोच की. हिमगौरीची गोष्ट तर मी शाळेत कितीदा सांगितली असेल.

अंबरनाथच्या माझ्या नणंदबाईंना मात्र रुचलं नाही. ‘पोरीला परकं नाव कशाला?’ त्यांना मी इरावती कर्व्यांची गोष्ट सांगितली. ‘युगान्त’च्या लेखिका. त्या 1905 साली ब्रह्मदेशात जन्मल्या. वडील तिथे नोकरीला होते. तिथल्या मोठ्या नदीवरून मुलीचं नाव ठेवलं इरावती. आज ते नाव कुणाला परकं वाटतं? आणि गंमत म्हणजे त्या नदीचं नाव मुळात आपल्याच संस्कृतातून तिकडे गेलेलं. नावं अशी फिरून येतात. जिथे मूल जन्मलं तिथली खूण नावात असली तर बिघडलं कुठे?

यावर सगळ्यांनी मिळून एक सोय काढली. आपल्याकडे ‘इरा’ आहेच. आपण इरा म्हणू, ते एइरा म्हणतील. दोन्ही घरं खूश.

मी म्हटलं, नाही. मुलीला एकच नाव असू दे.

माझं लग्न 1974 सालचं. ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीने त्यावर माझं नवं नाव लिहिलं. नाव छान होतं, माणसंही वाईट नव्हती. मला कुणी विचारलं नाही एवढंच. तेव्हा कुणालाच विचारत नसत. बी. ए.चं सर्टिफिकेट एका नावाचं, पेन्शनचे कागद दुसऱ्या नावाचे. शाळेत तर मी नुसती ‘बाई’. माहेरचं नाव आईच्या तोंडी होतं. ती गेली आणि त्या नावाने हाक मारणारं कुणी राहिलं नाही. पन्नासएक वर्षं झाली, पण गर्दीत ते नाव कुणी दुसरीला उद्देशून घेतलं तरी माझी मान वळते.

त्यांच्या यादीतलंच एक नाव होतं, ग्वेन्लिअन. त्यातच तो दोन एलचा उच्चार येतो. ही वेल्सच्या शेवटच्या राजपुत्राची, ल्लिवेलिनची मुलगी. जन्म 1282 चा. आई बाळंतपणातच गेली, वडील त्याच वर्षी लढाईत पडले. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने ते तान्हं मूल लिंकनशायरमधल्या एका मठात पाठवून दिलं. 1337 साली ती तिथेच वारली. आपली भाषा तिच्या कानावर पडलीच नसणार. तिचं नाव कागदोपत्री ‘वेन्ट्लिअन’ असं काहीतरी लिहिलेलं सापडतं. 2009 मध्ये तिकडच्या एका डोंगराला तिचं नाव दिलं. सातशे वर्षांनी का होईना, नीट दिलं.

आमच्या भागातलंच बघा. कल्याण कॅम्पचं 1949 साली उल्हासनगर झालं, पण जुनी माणसं अजून ‘कॅम्प’च म्हणतात. तोंडात बसतं ते नाव खरं, कागदावरचं नुसतं पडून असतं. म्हणून तोंडाला वळण लावायला हवं, आणि ते काम हाक मारणाऱ्याचं, बाळाचं नव्हे. हजेरी घेताना मी नव्या मुलाला आधी विचारायची, ‘तुला घरी कसं म्हणतात रे?’ शेजारच्या सिंधी मुलांची नावंसुद्धा अशीच शिकले.

तेव्हा ठरलं. एइराच. ‘ए’वर जरा थांबायचं आणि अलगद ‘इ’वर यायचं. देवनागरीत जसंच्या तसं लिहिता येतं, हे आपलं भाग्य. नणंदबाई आधी ‘ऐरा’ म्हणायच्या, मग ‘येरा’. आता जमतं त्यांना. आत्याचा मान तिकडच्या आत्याचा. तिने व्हिडिओवर माझ्याकडून ‘कुर्र’ शिकून घेतलं आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. तिची ‘कुर्र’ ऐकून बाळ दचकलं, पण रडलं नाही.

बर्फ मी आजवर सिनेमातच पाहिला आहे. हाक मात्र आता बिनचूक येते.